वेळदांड्याच्या दोन गाड्या

माझ्या धाकट्या सुनेला, नलूला, जागा कळत नाही. कुठे बोलावं, कुठे गप्प बसावं, कोणासमोर मान खाली घालावी, यातलं काहीएक तिच्या आईने तिला शिकवलेलं नाही. बाप वाणगाव स्टेशनावर पॉइंटमन, रुळांचे खटके ओढणारा. त्याने पोरीला सातवी फायनलपर्यंत शाळेत घातलं आणि तशीच्या तशी आमच्या घरी पाठवून दिली. चार वर्षं मी सांभाळून घेतलं. पण त्या दिवशी भर पंचायतीत सरपंच बसलेले, गावच्या होड्यांचे सगळे तांडेल बसलेले, माझी जन्माची दुश्मन जमना भिंतीला पाठ लावून बसलेली, आणि ही उभी राहून म्हणते, "चूक आमच्या आईंची हाय."

आई म्हणजे मी, तिची सासू. दोन होड्यांची मालकीण, तीस वर्षं विधवा राहून दोन मुलगे वाढवलेली काशीबाई. माझी चूक माझ्या नवऱ्यानेसुद्धा कधी काढली नाही. तो तसा शहाणा होता.

काय झालं ते आधीपासून सांगते, म्हणजे कोणाला वाटायला नको की म्हातारी उगाच सुनेवर डूख धरून आहे.

तारापूरला अणूचं काम निघालं तेव्हाची ही गोष्ट. अणू म्हणजे काय ते मला कोणी नीट सांगितलं नाही. बळवंत, माझा धाकटा, नलूचा नवरा, म्हणाला की त्यातून वीज निघते. मी म्हटलं, निघेल तेव्हा निघू दे, आधी रस्ता निघाला हे बरं झालं. कारण बोईसर स्टेशनापासून अणूच्या जागेपर्यंत असा रस्ता होत होता की तसा मी जन्मात पाहिला नव्हता. खाली हातभर दगड, वर खडी, खडीवर वाफाळतं डांबर, आणि त्याच्यावरून घरापेक्षा उंच रोलर. हिंदी बोलणारे मजूर दिवसभर ओरडायचे, "हटो, माई, हटो!" मी काही हटायची नाही. डोईवर पाटी घेऊन उभी राहून बघायची. रोलर पुढे गेला की मागे काळी पाटी पुसल्यासारखा रस्ता. मोठी यंत्रं त्यावरून जाणार म्हणून तो तसा केला होता, पण पहिल्यांदा त्यावरून चाललो आम्ही मासळीवाल्या. पाच मैल चालले आणि पायात एक काटा नाही, एक ठेच नाही. घरी येऊन मी तळपाय बळवंतला दाखवले. म्हटलं, "बघ. सरकारने मनावर घेतलं तर काय करतं ते बघ."

पण आमचं गाव त्या रस्त्यावर नाही. वेळदांडा किनाऱ्याला आहे, रस्त्यापासून दीड मैल आत, आणि मध्ये खाडी. ओहोटीला खाडी उतरून यायचं. कमी चिखल असेल तर पोटरीपर्यंत, जास्त असेल तर मांडीपर्यंत. लुगडं खोचायचं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाऊण मणाची पाटी. बोईसरला आठाची गाडी पकडली तर मासळी ताजी विकते. ती चुकली तर दुपारची एकची, आणि तोवर बोंबलाचं पाणी होतं. माझ्या मोठ्या सुनेचा, विजयाचा, पाय त्याच खाडीत मुरगळला तो अजून धड नाही. ती घरात सुकवणीचं बघते.

मोठा रस्ता झाल्यावर गावात सगळे म्हणू लागले, आता आपला दीड मैल पण होईल. खाडीवर पूल होईल. सरपंच विश्राम पालघरला जाऊन अर्ज देऊन आला. तिथे त्याला सांगितलं, पुढच्या वीस वर्षांत देशात कुठे कुठे रस्ते करायचे त्याचा आराखडा चाललाय, तुमच्या वाटेची मोजणी करायला माणूस येईल.

दिवाळी झाल्यावर तो माणूस होडीने खाडी ओलांडून आला. छत्री घेतलेला बारका कारकून, बुटांच्या शिवणी उसवलेल्या. अकरा वाजून गेले होते. भरती चढलेली, बायका केव्हाच बाजाराला गेलेल्या, वाटेवर कुत्रं नाही. मी एकटी किनाऱ्यावर बांबूच्या दांड्यांवर बोंबील टांगत होते. त्या दिवशी माझी कंबर धरली होती म्हणून गेले नव्हते.

"बाई," तो म्हणाला, "दिवसाला किती गाड्या?"

मला कोणी काही विचारलं की मला ते ठाऊक असतंच, असा माझा खाक्या. मी मान वर न करता सांगितलं, "दोन."

"दोनच?"

"सकाळची आन् दुपारची. तिसरी हाय, पण ती संध्याकाळी, तिचा आमाला काय उपयोग नाय."

त्याने लिहून घेतलं. "पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात पण दोनच. पण वेळेवर येतील तर शपथ."

"भरून जातात का?"

"भरून? अहो, आमच्या पाट्यांना आत घ्यायला भांडावं लागतं."

तोही लिहून घेत होता, मीही बोंबील टांगत होते. जाताना त्याने पाणी मागितलं, मी दिलं. चांगला माणूस होता. मला वाटलं, सरकार किती बारकाईने चौकशी करतंय, आपल्याला गाडीत जागा मिळते की नाही तेसुद्धा विचारतंय. संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं की आता गाडीला डबा वाढणार.

पौषात कागद आला. पंचायतीत सगळे जमले. विश्रामला टायपाचं अक्षर लागत नाही, म्हणून त्याने कागद नलूकडे दिला. तिने मोठ्याने वाचलं. वेळदांडा ते मोठा रस्ता, अंतर दीड मैल, स्थानिक चौकशीवरून रोजची वाहतूक दोन गाड्या, सबब हे काम वीस वर्षांच्या आराखड्यात घेता येत नाही.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "दोन गाड्या?" विश्राम म्हणाला. "या वाटेने तर एक पण नाय जात. खाडीतून गाडी जाईल कशी?"

"कोणी सांगितलं त्यांना?" जमना म्हणाली. आणि ती बघत होती माझ्याकडे, कारण कारकुनाशी बोलणं झाल्याचं त्या संध्याकाळी मीच गावभर सांगितलं होतं.

मी म्हटलं, "मी सांगितलं. दोन. सकाळची आठची आन् दुपारची एकची. खोटं काय हाय त्यात?"

नलूने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तिला सगळं तिथल्या तिथे समजलं ते तिच्या तोंडावर मला दिसलं. तिने घरी येऊन सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही. तिथेच म्हणाली, "चूक आमच्या आईंची हाय. त्याने वाटेवरच्या गाड्या विचारल्या. बैलगाडी, लॉरी. आईंनी आगीनगाडी सांगितली. दोन गाड्या म्हणजे त्यांच्या हिशेबाने रस्ता रिकामाच."

मग जमना हसली. ती हसली म्हणून सगळे हसले. आणि हसून झाल्यावर एकेक जण उठून खाडीकडे बघायला लागला, ते जास्त वाईट होतं. कारण गेलं होतं ते हसण्यासारखं नव्हतं. वीस वर्षांचा रस्ता गेला होता, आणि तो माझ्या तोंडून गेला होता.

त्या दिवसापासून मी नलूशी बोलायचं सोडलं. काही सांगायचं असलं तर विजयाला सांगायची, "तिला सांग." एकाच चुलीसमोर तिघी बसलेल्या, आणि विजया बिचारी इकडचं तिकडे सांगतेय. पण बाहेर काय चाललंय ते मला कळत होतं. खाडीत कोणाचा पाय घसरला की बायका म्हणायच्या, "थांब, काशीबाईंची गाडी येईल आता." माझ्या पाठीमागे नाही, माझ्या तोंडावर.

मीही काही गप्प बसणारी नाही. मी एक बेत केला. सातपाटीला माझा भाऊ आहे, माकुणसारला नणंदेच्या घरी भातशेती आहे. दोघांकडून मिळून वीस-पंचवीस बैलगाड्या आणायच्या, पुन्हा मोजायला माणूस आला की दोन दिवस त्या वाटेवर इकडून तिकडे हाकायच्या. मी बळवंतला बोलावून सांगितलं. तो डोकं खाजवत बसला. कोपऱ्यात जाळं शिवत बसलेली नलू वर न बघताच म्हणाली, "आईंना सांगा, गाड्या खाडीपर्यंतच येतील. पुढे बैल बुडतील."

मी विजयाला म्हटलं, "तिला सांग, खाडीपर्यंत तर खाडीपर्यंत. मोजणाऱ्याला दिसल्याशी कारण."

"आईंना सांगा, मग तो म्हणेल, रस्ता नसताना पंचवीस गाड्या चालतायत, तर रस्ता पाहिजे कशाला?"

विजयाला हे काही सांगावं लागलं नाही. बळवंत हसला, मग माझं तोंड बघून बाहेर निघून गेला. मला राग आला तो हिच्या बोलण्याचा नव्हता. तिचं म्हणणं बरोबर होतं, त्याचा होता.

दोन दिवसांनी मी पाहिलं तर नलूने धुतलेलं पातळ नेसलं होतं, आणि विश्रामबरोबर ती पालघरला निघाली होती, रस्त्याच्या हापिसात. मी पण चपला घातल्या. विश्राम म्हणाला, "काशीबाय, तुमी कशाला?" मी म्हटलं, "चूक माझी हाय ना? मग बघते तरी ती कशी दिसते."

तिघं बोईसरला आलो, गाडीने पालघरला उतरलो. हापिसात ओव्हरशियर गुप्ते साहेब होते. चाळिशीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मला वाटलं होतं, हा आम्हाला दारातून हाकलेल. पण त्याने बसा म्हटलं आणि टेबलावर नकाशा पसरला. सगळा किनारा त्यात होता. लाल रेघा म्हणजे झालेले रस्ते, निळ्या म्हणजे वीस वर्षांत करायचे. आमच्या गावाजवळ एक पुसट डाग होता. तिथे पेन्सिलीची रेघ होती आणि ती रबराने खोडली होती.

नलूने त्यावर बोट ठेवलं. "ही कोणी पुसली, साहेब?"

"मीच पुसली," गुप्ते म्हणाले. "बाई, पैसा थोडा, गावं फार. चिनी लढाईपासून आणखीनच ओढाताण आहे. मग कुठला रस्ता आधी करायचा? जिथे जास्त वाहतूक, तिथे आधी. त्याचं कोष्टक वरून येतं. लॉरी, मोटार, बैलगाडी, सायकल, सगळ्याला आकडा ठरलेला आहे."

"सायकलला पण?"

"सायकलला अर्धा."

"आन् डोईवर पाऊण मणाची पाटी घेऊन चालणाऱ्या बाईला?"

गुप्त्यांनी चष्मा काढला. "पायी चालणारं माणूस वाहतुकीत धरत नाहीत."

"म्हणजे शून्य."

ते दोरा सावरत चष्मा पुसायला लागले.

"आमच्या शाळेचे मास्तर," नलू म्हणाली, "सायकलवरून चार वह्या आन् एक छत्री घेऊन जातात. ते अर्धे. मी पाऊण मण मासळी नेते, ती शून्य. साहेब, तुमी सायकल मोजता का माल मोजता? माल मोजत असाल तर आमच्या वाटेने रोज शंभर पाट्या जातात. आन् गाड्या म्हणाल, तर त्या येणार कुठून? रस्ता नाय म्हणून गाडी नाय, गाडी नाय म्हणून रस्ता नाय. मग वीस वर्षांनी तुमी परत मोजाल तेव्हा काय दिसणार? परत शून्यच ना?"

ती आवाज चढवून बोलली नाही. बापाच्या स्टेशनावर गाडी सुटायच्या वेळा सांगाव्यात तशी सांगत होती. विश्राम जमिनीकडे बघत होता. मी तिच्याकडे बघत होते. तीस वर्षं मी ती खाडी तुडवली, पण रस्ता नाही म्हणून गाडी नाही हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मला वाटायचं, आपलं नशीब. नशीब म्हटलं की कोणाशी भांडता येत नाही. हिने ते नशीब उचलून साहेबाच्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, याचं काय करता?

गुप्त्यांनी चष्मा परत लावून तो पुसट डाग नीट पाहिला. मग म्हणाले, "पुन्हा मोजणी करता येईल. पण आधीची माहिती चुकीची होती असं लेखी पाहिजे. त्याशिवाय फाइल उघडता येत नाही."

"कोणाचं लेखी?"

"एकतर ज्यांनी माहिती दिली त्यांचं. नाहीतर," त्यांनी आवाज खाली आणला, "आमच्या माणसाने नीट ऐकलं नाही असं तुम्ही लिहा. ते सोपं पडेल. मग त्याला जबाब द्यावा लागेल, ते आम्ही बघू."

तेव्हा मी पाहिलं, कोपऱ्यातल्या टेबलाशी तोच छत्रीवाला बसला होता. त्याच्या हातातली लेखणी थांबली होती. बूट तेच, उसवलेले.

मला वाटलं, सुटले. नलूने फक्त हो म्हणायचं. कारकुनाने नीट ऐकलं नाही, काशीबाईंनी बरोबरच सांगितलं होतं. गावात तोंड वर करून चालता येईल, जमनाचं तोंड बंद होईल. मी नलूकडे पाहिलं. तिला माझ्या मनातलं कळलं असणार, तिला सगळंच कळतं, हीच तर माझी तक्रार आहे.

ती म्हणाली, "त्यांनी नीटच ऐकलं, साहेब. आई दोन म्हणाल्या, त्यांनी दोन लिहिलं. त्यांच्या नावाने मी लिहिणार नाय."

आणि मग गप्प बसली. मला लिहा म्हणाली नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसली. तिने एक शब्द जरी काढला असता तर मी उठून निघून गेले असते, देवाशपथ. पण ती बोलली नाही, म्हणून बोलायची पाळी माझ्यावर आली.

मी म्हटलं, "आणा तो कागद."

दुसरीपर्यंत शिकले होते मी, माझ्या बापाच्या घरी. त्यानंतर चाळीस वर्षांत नावाखेरीज काही लिहिलं नव्हतं. गुप्त्यांनी दौत पुढे केली. लिहायला मला किती वेळ लागला ते मला ठाऊक नाही, पण मधे त्यांचा चहा येऊन गार झाला. मी लिहिलं, मला वाटेवरच्या गाड्या विचारल्या, मी आगीनगाड्या सांगितल्या, विचारणाऱ्याचा दोष नाही, माझं सांगणं चुकलं, सबब पुन्हा मोजावं. "सबब" मी पंचायतीच्या कागदातून ऐकलेलं होतं. एका ठिकाणी न उलटा पडला. नलूने तो पाहिला आणि बोलली नाही. तिथे मात्र तिला गप्प बसायचं बरोबर कळलं.

निघताना छत्रीवाला दारापर्यंत आला. मला वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, "बूट शिवून घ्या. आता खाडीत यायचं हाय."

माघी पुनवेला गुप्ते साहेब आले. पुनव-अमावास्येला सकाळी ओहोटी असते, नलूनेच ती तिथी सांगितली होती. घड्याळ बघून आलात तर वाट रिकामी दिसेल, पाणी बघून या, म्हणाली. साहेब तांबडं फुटायच्या आधीच, चांदण्यात खाडीच्या काठाला उभे. पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, बूट हातात. मागे छत्रीवाला, छापील कोष्टकाचे कागद पोटाशी धरून. पहिल्या खेपेला आम्ही बासष्ट जणी पाट्या घेऊन उतरलो. साहेब पण उतरले, आणि चौथ्या पावलाला मांडीपर्यंत आत गेले.

"साहेब," जमना म्हणाली, "सायकल आणायची होती, अर्धे तरी मोजले असते."

मला तिचं बोलणं आवडलं असं पहिल्यांदाच झालं. साहेब हसले, दोघींनी हाताला धरून त्यांना वर ओढलं. पलीकडे गेल्यावर ते म्हणाले, एक पाटी माझ्या डोक्यावर द्या. आम्ही नको म्हटलं, ते ऐकेनात. चुंबळ ठेवली, पाटी चढवली. साहेब सोळा पावलं चालले. छत्रीवाल्याने मोजली. सतराव्याला मान वाकडी झाली तेव्हा नलूने पाटी खाली घेतली. कपाळावरून माशाचं पाणी गळतंय, चष्म्याचा दोरा सुटलाय, आणि तो माणूस म्हणतो, "पाच मैल?"

"साडेसहा," मी म्हटलं. "दीड तुमी पुसलात तो धरून."

मोजायला बसले तर कोष्टकात पाट्यांना रकानाच नव्हता. साहेबांनी पट्टी घेऊन कागदाच्या कडेला नवीन रेघ मारली. वर काय लिहायचं म्हणून थांबले. "पायी माणसं लिहू?"

"माणसं नको," नलू म्हणाली. "माणसं म्हटलं की वरचे साहेब खोडतील. डोईवरचा माल लिहा. माल कोणी खोडत नाय."

गुप्त्यांनी तेच लिहिलं. तीन दिवस ते आले, सकाळच्या आणि संध्याकाळच्या ओहोटीला. तिसऱ्या दिवशी सांगितलं, एका पाटीला एका सायकलीइतकं धरावं अशी शिफारस मी करतो.

"म्हणजे अर्धं?" मी भडकले. "पाऊण मणाला अर्धं?"

नलू माझ्याशी, विजयाला मधे न घेता, सरळ बोलली. "शून्यावरून अर्ध्यावर आलो, आई. उरलेलं अर्धं पुढच्या मोजणीला मागू."

त्या दिवसापासून विजयाचं इकडचं तिकडे सांगण्याचं काम संपलं.

मग शिमगा गेला, पाऊस लागला, होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी शाकारल्या. नारळी पुनव आठ दिवसांवर असताना गुप्ते साहेब स्वतः आले, खाडी होडीने ओलांडून. पंचायतीत सगळे जमले. त्यांनी नकाशाचा तुकडा आणला होता. आमच्या गावापासून मोठ्या रस्त्यापर्यंत निळी रेघ होती, शाईची. खाडीवर दोन आडव्या रेघा होत्या, तो पूल.

"आराखड्यात आलं," ते म्हणाले. "पण खरं सांगतो, पैसा कधी सुटेल ते माझ्या हातात नाही. तिसरी योजना संपली, चौथीचं काही ठरत नाही. दोन वर्षं लागतील, पाच लागतील. दिल्लीला ठरेल."

कोणीतरी मागून कुरकुरलं, मग काय उपयोग. नलू सगळ्यांच्या मागे दाराशी उभी होती, खाडीच्या माशांना मीठ लावता लावता हात तसेच घेऊन आलेली. म्हणाली, "रेघ नसती तर पैसा सुटला तरी दुसऱ्या गावाला गेला असता. आता सुटला की इथे यायलाच लागेल. तोवर आपण दर साली मोजून ठेवू."

साहेबांनी कागद वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, वेळदांड्याच्या रहिवासी श्रीमती काशीबाई यांच्या लेखी निवेदनावरून फेरमोजणी करण्यात आली. श्रीमती म्हटलं होतं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. विश्रामने नारळ माझ्या हातात दिला. जमना, जी आठ महिने मला गाडी म्हणून चिडवत होती, ती म्हणाली, "काशीबाय, तुमी लिहिलंत म्हणून झालं हो."

गोड लागतं असं ऐकायला. नारळ हातात होता, लोक बघत होते, आणि ते सगळं घेऊन घरी गेले असते तर कोणी मला विचारणार नव्हतं. नलू तर मुळीच नाही. ती दाराशी पदराला हात पुसत होती, अर्धं राहिलेलं मीठ लावायला घरी निघायच्या बेतात.

"नलू," मी हाक मारली, "पुढे ये."

ती आली. मी नारळ तिच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"भर पंचायतीत सासूची चूक काढलीस. आठ महिने मी सगळ्या गावाला सांगत फिरले की पोरीला वळण नाय, जागा कळत नाय. आता तुझ्या तोंडावर सांगते. चूक माझी होती, आन् तू ती घरी नेऊन झाकली असतीस तर आज इथे कागद नसता. या गावात माझ्याहून हुशार बाई झाली नाय असं मला वाटायचं. झाली हाय, आन् ती माझ्या घरात हाय, म्हणून मला तोरा हाय. पुढच्या वेळी मी चुकले तरी इथेच उभी राहून सांग. फक्त जरा मोठ्याने बोलत जा, त्या दिवशी मागे बसलेल्यांना नीट ऐकू गेलं नव्हतं."